पेशीला खालची बाजूही असते

(तीर्थपुरी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



‘टिश्यू कल्चर’ हा शब्द आपल्या भागात कुणाला नवा नाही. केळी लावायची म्हटली की टिश्यू कल्चरची रोपं आणायची, हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यात आपला जिल्हा बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून वाण, संकर, उगवण हे शब्द आपल्या पारावरच्या गप्पांत आहेत. कोंबाचा बारीक तुकडा घ्यायचा, बाटलीत खाद्य देऊन वाढवायचा आणि त्यातून हजारो रोपं करायची, याचं आपल्याला नवल राहिलेलं नाही.

आज मी बोलणार आहे ते टिश्यू कल्चर मात्र झाडाचं नाही. ते प्राण्याचं आणि माणसाचं आहे. तिथे गोष्ट एकदम बदलते. झाडाच्या लहानशा तुकड्यातून पुन्हा अख्खं झाड उभं राहू शकतं. यकृताचा तुकडा बशीत ठेवला तर त्यातून कुणी उठून बसत नाही! पेशी जगल्या तर काही दिवस जगतात, आणि जगता जगता आपण यकृताच्या पेशी आहोत हेच विसरत जातात. यकृताची जी खास कामं, ती एकेक करून बंद पडतात. पेशी जिवंत असते, पण यकृताची राहत नाही.

माझा विषय तत्त्वज्ञान. म्हणून मला या विसरण्यात रस आहे. जवळपास २३०० वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलने एक मुद्दा मांडला होता. शरीरापासून तोडलेला हात हा नावापुरताच हात असतो. कारण हात म्हणजे नुसता आकार नव्हे, हात म्हणजे हाताचं काम, आणि ते काम शरीरात असतानाच होतं. आता प्रश्न असा की शरीरातून काढलेली पेशीही नावापुरतीच पेशी असते का? की तिला असं काही देता येईल, की ज्यामुळे ती बाहेरही स्वतःसारखी वागेल? विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राने या प्रश्नाला जे उत्तर दिलं त्यात एका अगदी साध्या वस्तूचा मोठा वाटा आहे. ती वस्तू म्हणजे बारीक छिद्रं असलेला एक पातळ पडदा. त्या पडद्याचा इतिहास मी आज सांगणार आहे.

थेंबात जगलेली पेशी

सुरुवात १९०७ सालापासून करू. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. तिथे रॉस हॅरिसन नावाचे संशोधक होते. त्या काळी वाद असा होता की मज्जातंतूचा लांब धागा एका पेशीतूनच बाहेर वाढतो, की वाटेतल्या अनेक पेशी जोडून तयार होतो? दोन्ही बाजूंचे लोक मेलेल्या, रंगवलेल्या उतींचे काप पाहून भांडत होते. हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला मज्जापेशींचा बारीक तुकडा घेतला, बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला, आणि तो थेंब काचेच्या पट्टीला उलटा टांगला. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले. धागा पेशीतून बाहेर येताना प्रत्यक्ष दिसला. वाद मिटण्याची वाट मोकळी झाली.

या प्रयोगाने सिद्ध केलं की प्राण्याच्या शरीराबाहेर त्याची उती जगू शकते, इतकंच नव्हे तर वाढू शकते. पुढची चाळीस-पन्नास वर्षं सगळी धडपड एकाच गोष्टीची होती. पेशी जगवायच्या कशा? कोणतं खाद्य द्यायचं, जंतू कसे दूर ठेवायचे, ऊब किती ठेवायची? पेशी जगली म्हणजे जिंकलो, अशी तेव्हाची भावना होती आणि तेव्हा ती रास्तही होती.

बाल्टिमोर ते परळ

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९५१ साली जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींची अशी पहिली मालिका तयार झाली, की जी थांबलीच नाही. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या होत्या. त्या बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी वारल्या. ‘हेला’ या नावाने त्यांच्या पेशी आजही जगभर वाढतात. मात्र त्या घेताना बाईंना कुणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटाकडे मला तिचा उपयोग होणार आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या गाय यांच्या प्रयोगशाळेत एक मराठी बाई शिकायला गेल्या होत्या. डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलगी हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करून त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग बाल्टिमोरला जाऊन पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या, आणि शिकून परत आल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

विद्यार्थी मित्रहो, ‘उभी केली’ हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. पेशी वाढवायच्या म्हणजे हवेत एक जंतू नको, काचेवर साबणाचा अंश नको, शरीराइतकी ऊब अखंड हवी. वीज गेली की काम गेलं. मे महिन्यातली आणि जुलै महिन्यातली मुंबई डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ‘उभी केली’चा अर्थ कळेल. रणदिवेबाई १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात त्या पुढे होत्या, आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्यांनी नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी बायका-मुलांच्या पोषणाचं काम केलं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली डासांच्या अळ्यांपासून पेशींच्या मालिका तयार केल्या. त्यातल्या एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या मालिकेतूनच पुढे ‘सी ६/३६’ हा वाण निघाला. डेंगी-चिकुनगुन्याचे विषाणू वाढवायला आज जगभरच्या प्रयोगशाळा तो वापरतात. २००६ साली चिकुनगुन्याने आपल्या मराठवाड्यात घराघरातली माणसं सांधे धरून बसली होती, ते तुम्हाला आठवत असेल. तसल्या आजाराचा विषाणू पकडायला लागणारं हत्यार जगाला पुण्याने दिलेलं आहे.

आता इथे थोडं थांबू. विषाणू वाढवायचा असेल तर पेशी नुसती जिवंत असणं पुष्कळदा पुरतं. ती डासाच्या कोणत्या अवयवातली आहे, तिचं तोंड कुठे आहे, याची फिकीर करावी लागत नाही. तिथे बाटलीचा सपाट तळ चालतो. पण तुम्हाला विचारायचं असेल की आतडं औषध कसं शोषून घेतं, मूत्रपिंड पाणी कसं ओढतं, फुप्फुस धुळीला कसं तोंड देतं, तर बाटलीचा तळ चालत नाही. तो का चालत नाही, हे एका कुत्र्याच्या मूत्रपिंडाने दाखवून दिलं.

तळाखाली साचलेलं पाणी

१९५८ साली मॅडिन आणि डार्बी या दोघांनी कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीच्या मूत्रपिंडातून पेशींची एक मालिका सुरू केली. तिला ‘एमडीसीके’ म्हणतात. या पेशी बशीच्या तळावर फरशी बसवावी तशा एकमेकींना घट्ट चिकटून एक थर करतात. काही दिवसांनी या थरावर जागोजागी फुगवटे दिसू लागले. भाकरीला पापुद्रा सुटतो ना, तसे. १९७०च्या सुमारास जोसेफ लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ लावला. या पेशी मूत्रपिंडाचं काम विसरलेल्या नव्हत्या. त्या वरचं क्षार-पाणी ओढून खाली सोडत होत्या. शरीरात खाली रक्तवाहिनी असते, तिथे ते पाणी जातं. इथे खाली अभेद्य तळ. मग पाणी जाणार कुठे? ते पेशी आणि तळ यांच्यामध्ये साचलं आणि थर वर उचलला गेला.

आपल्याकडे शेततळ्याला प्लास्टिकचा कागद टाकतात आणि पाझर तलावाला टाकत नाहीत. दोन्हींत पाणीच असतं, पण शेततळ्यातलं पाणी खालच्या जमिनीशी बोलत नाही. पाझर तलावातलं बोलतं, म्हणून खालच्या विहिरींना पाणी येतं. बशीतली पेशी ही कागद टाकलेल्या शेततळ्यात होती. तिचा स्वभाव पाझरायचा होता.

शरीरातल्या पुष्कळ पेशींना वर आणि खाली अशा दोन बाजू असतात. आतड्याच्या पेशीची वरची बाजू अन्नाकडे, खालची रक्ताकडे. मूत्रपिंडाच्या नळीतल्या पेशीची वरची बाजू लघवीकडे, खालची रक्ताकडे. दोन्ही बाजूंची कामं वेगळी, आणि ती करणारी यंत्रणाही वेगळी. शिवाय या थरात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्याला पोषण येतं ते मुख्यतः खालून. बशीत आपण काय करत होतो? खालची बाजू तळाने बंद केली आणि सगळं खाद्य डोक्यावरून ओतलं. आणि मग म्हणत होतो, पेशी विसरते! विसरण्याचा सगळा दोष पेशीचा नव्हता.

पडदा आला कुठून

उपाय तर उघड आहे. तळाला छिद्रं पाडा. पण छिद्रं एवढी मोठी नकोत की पेशीच खाली पडेल, आणि एवढी कमीही नकोत की पाणी-खाद्य जाणार नाही. असा पडदा जीवशास्त्रज्ञांनी बनवला नाही. तो त्यांना दुसऱ्यांच्या कामातून मिळाला.

जर्मनीत ग्योटिंगेनला रिचर्ड झिगमंडी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांचं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी आणि बाखमान यांनी सेल्युलोजच्या संयुगांपासून गाळणीचे पातळ पडदे तयार करण्याची रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी जर्मन शहरांच्या पाणीयोजना उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा पिण्याच्या पाण्यात जंतू आहेत का हे लवकर कळावं म्हणून हे पडदे कामी आले. पाणी गाळायचं, जंतू पडद्यावर राहतात, पडदा खाद्यावर ठेवायचा, जंतू वाढले की मोजायचे. युद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत गेलं आणि तिथे असे पडदे बाजारात मिळू लागले.

१९५३ साली क्लिफर्ड ग्रोब्स्टाइन यांनी हा पाणी तपासायचा पडदा उचलला आणि दोन उतींच्या मध्ये ठेवला. प्रश्न असा होता. भ्रूणात एक उती शेजारच्या उतीला सांगते, ‘तू आता ग्रंथी हो’. पण सांगते कशी? हात लावून की निरोप पाठवून? त्यांनी उंदराच्या भ्रूणातल्या लाळग्रंथीची एक उती पडद्याच्या एका बाजूला आणि तिची सोबतीण दुसऱ्या बाजूला ठेवली. मध्ये पडदा असूनही ग्रंथीला फाटे फुटले. सगळ्यांना वाटलं, निरोपच असणार. छिद्रांतून काहीतरी पाझरतं आणि काम होतं.

पण गंमत पुढे आहे. हे जुने पडदे स्पंजासारखे होते. त्यांच्या आतल्या वाटा वाकड्यातिकड्या. आत काय चाललंय ते नीट दिसत नसे. सरळ छिद्रांचा पडदा मिळाला तो भौतिकशास्त्रज्ञांकडून. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लाइशर, प्राइस आणि वॉकर हे तिघे अभ्रकावर काम करत होते. अणुभंजनातून सुटलेले कण अभ्रकातून गेले की बारीक खुणा राहतात, आणि आम्लात ठेवलं की त्या खुणांची सरळ भोकं होतात. पुढे हीच युक्ती त्यांनी प्लास्टिकच्या पातळ कागदावर केली. १९७०च्या दशकात फिनलंडमध्ये हेलसिंकीला लाउरी साक्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सरळ छिद्रांचे पडदे वापरून ग्रोब्स्टाइनचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी मूत्रपिंडासाठी. तेव्हा दिसलं की पेशी छिद्रांतून बारीक बोटं घालून पलीकडच्या पेशीपर्यंत पोचतात. म्हणजे मूत्रपिंडाच्या बाबतीत नुसता निरोप नव्हता. हात लागत होता!

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. वीस वर्षं एक निष्कर्ष उभा होता, आणि त्याच्या पायाशी गृहीतक होतं की पडदा म्हणजे अडसर. पडदा किती अडवतो आणि किती जाऊ देतो, हे तपासल्याशिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना काय घडतं ते सांगता येत नाही. साधन तटस्थ नसतं. बशीचा तळही तटस्थ नव्हता, पडदाही नाही.

वर हवा, खाली खाद्य

१९७६ साली अमेरिकेत मिसफेल्ट, हामामोटो आणि पिटेल्का या तिघांनी कुत्रीच्या मूत्रपिंडाच्या त्याच पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवल्या. डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीतून क्षार कसे जातात हे मोजण्यासाठी दोन कप्प्यांचं एक यंत्र १९५०च्या सुमारास वापरात आणलं होतं. त्यात त्यांनी हा पडदा बसवला. थराच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब मोजता आला, पाणी-क्षार कोणत्या दिशेने जातात ते मोजता आलं. फुगवटे येण्याचं कारणच उरलं नाही, कारण खालची वाट मोकळी झाली. दोन वर्षांनी मार्सेलिनो सेरेहिदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही असंच काम प्रसिद्ध केलं. प्रयोगशाळेतल्या पेशीला तिची खालची बाजू परत मिळाली होती.

आज हा पडदा कसा दिसतो ते सांगतो. प्लास्टिकचं एक छोटं भांडं, अंगठ्याएवढं. त्याचा तळ म्हणजे पडदा. हे भांडं दुसऱ्या मोठ्या वाटीत टांगायचं, म्हणजे वरचं द्रव वेगळं, खालचं वेगळं. नेहमीच्या वापरातला पडदा सुमारे १० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. छिद्र ०.४ मायक्रॉनचं. आपला केस त्या छिद्राच्या दीडशे-दोनशे पट रुंद भरेल. आणि एका चौरस सेंटिमीटरला अशी छिद्रं किती? सुमारे १० कोटी.

१९८९ साली हिडाल्गो, राउब आणि बोर्चार्ट यांनी माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या ‘काको-२’ नावाच्या पेशी अशा पडद्यावर वाढवल्या. सुमारे तीन आठवड्यांत त्या लहान आतड्यासारख्या वागू लागतात. वरच्या अंगाला बारीक झालर येते, शेजारणींमधली शिवण घट्ट बसते. ही शिवण बसली का, हे विजेचा विरोध मोजून कळतं. मग औषध वरच्या द्रवात टाकायचं आणि खाली किती उतरतं ते बघायचं. ही काही विद्यापीठातली हौस राहिलेली नाही. औषधांच्या नियमनासाठी अनेक देशांनी मिळून २०१९ साली ज्या मार्गदर्शक सूचना मान्य केल्या, त्यांत काही प्रकारच्या गोळ्यांसाठी औषध आतड्यातून किती झिरपतं याचा पुरावा म्हणून या पेशींवरची नीट पडताळलेली चाचणी स्वीकारली आहे. तुमच्या-माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा विचार करताना आता हे भांडं डोळ्यांसमोर आणा.

मला सगळ्यात भावतो तो श्वासनलिकेच्या पेशींचा प्रयोग. या पेशी पडद्यावर वाढवतात आणि थर भरला की वरचं द्रव काढून टाकतात. वर हवा, खाली खाद्य. शरीरात असतं तसं. काही आठवड्यांत त्या पेशींना केसासारखे पक्ष्माभ फुटतात, चिकट स्राव सुटतो, आणि पक्ष्माभ तो स्राव एका लयीत हलवू लागतात. कोरोनाचा विषाणू अभ्यासायलाही असे थर वापरले गेले. अ‍ॅरिस्टॉटलला उत्तर द्यायचं झालं तर इथे देता येईल. तोडलेल्या भागाला तुम्ही त्याची जागा परत दिलीत, वर काय आणि खाली काय हे परत दिलंत, तर तो आपलं काम पुष्कळसं परत सुरू करतो. पेशीची ओळख निम्मी तिच्या आत असते आणि निम्मी तिच्या शेजारात.

‘पुष्कळसं’ म्हणालो, ‘सगळं’ म्हणालो नाही. कारण शरीरात पेशींच्या थराखाली जो खरा पापुद्रा असतो तो साधारण ०.१ मायक्रॉनचा. आपला प्लास्टिकचा पडदा त्याच्या शंभर पट जाड. शिवाय शरीर हलतं, रक्त वाहतं. २०१० साली हार्वर्डच्या डाँगुन हुह आणि डोनाल्ड इंग्बर यांच्या गटाने लवचीक सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या आणि दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी वाढवल्या आणि श्वासासारखा ताण देऊन तो पडदा हलवत ठेवला. भारतात २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या बंद झाल्या, आणि २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत अशा बिनप्राण्यांच्या पद्धतींना जागा मिळाली. म्हणून काही प्रयोगशाळेतला उंदीर उद्याच सुटणार नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर पडदा प्रामाणिकपणे देऊ शकतो, तो प्रश्न उंदराला विचारायचं कारण उरत नाही.

पाणमोट आणि चुना

आता शेवटचा भाग. हा आपल्या घरातला आहे.

तंबाखू मळायला चुना लागतो. चुन्याची पुडी, चुन्याची डबी घरात कुठेही पडलेली असते. मूल ती हातात घेतं, दाबतं, आणि पुडी फुटून चुना डोळ्यात जातो. भारतात लहान मुलांचे डोळे रसायनाने भाजण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. चुना अल्कधर्मी, तो डोळ्यात आत आत भाजत जातो. आपल्या डोळ्याचं काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेला काही मूळ पेशी असतात. त्या आयुष्यभर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा वरचा थर नवा करत राहतात. ती कड जळाली की हा पुरवठा बंद. मग पांढऱ्या भागातली उती आणि रक्तवाहिन्या पटलावर चढतात आणि नजर जाते. अशा डोळ्यात नुसतं नेत्रदानाचं पटल बसवून उपयोग होत नाही, कारण त्याला नवं ठेवणाऱ्या पेशीच नसतात.

१९९७ साली इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा घेऊन त्या पेशी बाहेर वाढवता येतात आणि जळलेल्या डोळ्यावर बसवता येतात. पण वाढवायच्या कशावर? इथे प्लास्टिकपेक्षा सरस पडदा निसर्गाकडे होता. बाळंतपणात पाणमोट फुटते ना, त्या पाणमोटेचा आतला पातळ पापुद्रा. वारेबरोबर तो बाहेर पडतो आणि एरवी पुरला जातो. पातळ, पारदर्शक, पोषण झिरपू देणारा, आणि पेशींना ओळखीचा वाटणारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. तिथे हा पापुद्रा जखमांवर वापरण्यासाठी निर्जंतुक करून ठेवतात. तो घेतला जातो आईला विचारून, तिच्या संमतीने. हेन्रिएटाबाईंना न विचारता सुरू झालेल्या इतिहासाने इथवर एवढं तरी शिकलेलं आहे.

मराठवाडा बराच काळ हैदराबादशी बांधलेला होता, आणि डोळ्यांसाठी आपली माणसं आजही हैदराबादला जातात. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि डॉ. गीता वेमुगंटी यांच्या गटाने २००१ पासून पाणमोटेच्या पापुद्र्यावर या मूळ पेशी वाढवून डोळ्यावर बसवायला सुरुवात केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या अनुभवात २०० रुग्णांपैकी १४२ जणांचा, म्हणजे ७१ टक्के लोकांचा, डोळ्याचा पृष्ठभाग स्थिर राहिला होता.

आणि मग त्याच गटाने एक विलक्षण पाऊल टाकलं. त्यांनी विचारलं, की पापुद्रा चांगला आहे, पेशी चांगल्या आहेत, तर मध्ये प्रयोगशाळा कशाला? २०१२ साली त्यांनी नवी शस्त्रक्रिया मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा कण घ्यायचा, त्याचे आणखी बारीक तुकडे करायचे, आजारी डोळ्यावर पाणमोटेचा पापुद्रा पसरायचा आणि त्यावर ते तुकडे ठेवायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात. महागडी प्रयोगशाळा नको, दोन आठवडे वाट बघणं नको, दुसरी शस्त्रक्रिया नको. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या अभ्यासात यश ७६ टक्के होतं. म्हणजे प्रयोगशाळेपेक्षा कमी नाही. आणि ही शस्त्रक्रिया अशा ठिकाणीही होऊ शकते जिथे पेशी वाढवायची सोय कधीच होणार नाही.

यावरून कुणी म्हणेल, मग प्रयोगशाळेतली ती सगळी वर्षं वाया गेली का? मुळीच नाही. पापुद्र्यावर पेशी वाढते, कशी वाढते, किती कणातून किती वाढते, हे प्रयोगशाळेनेच शिकवलं. ते कळल्यामुळेच प्रयोगशाळा बाजूला ठेवायचं धाडस झालं. हॅरिसन यांच्या उलट्या टांगलेल्या थेंबापासून निघालेली वाट, बाल्टिमोर, परळ आणि हेलसिंकी अशी फिरत फिरत, एका मुलाच्या डोळ्यापर्यंत येऊन पोचली.

जाता जाता तीन कामाच्या गोष्टी सांगतो. एक, चुना मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. दोन, गेलाच डोळ्यात, तर तूप नको, दूध नको, चोळणं नको. स्वच्छ पाण्याने लगेच धुवायला लागा, पापणी उघडून भरपूर वेळ, अर्धा तास तरी धुवा, आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ही पहिली मिनिटं पुढच्या कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वाचवतात. तीन, घरातल्या लेकी-सुनेला बाळंतपणाच्या वेळी कुणी रीतसर विचारलं की वार आणि पाणमोट ऊतिपेढीला देता का, तर दचकू नका. नीट समजून घ्या, आणि तिला ठरवू द्या.